तीन घरे, तीन प्रती

परवा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली आणि तीत अकरा फ्लॉप्या निघाल्या. नात विचारू लागली, हे काय? मी म्हटले, यात आपल्या घराण्याच्या नऊ पिढ्या आहेत. तिने लगेच मोबाईलवर एका फ्लॉपीचा फोटो काढला. तिला सांगितले, तू आत्ता काढलेला हा एक फोटोसुद्धा बहुधा या फ्लॉपीत मावणार नाही. हिच्यात जागाच मुळी १.४४ मेगाबाइट. तिला हसू आले. मला मात्र त्या फ्लॉपीवरची चिठ्ठी पाहून हसता येईना. चिठ्ठीवर काकूंच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : 'कुलवृत्तांत. गावाकडची प्रत. वैशाख. हीच खरी.'

या 'हीच खरी'मागे एक गोष्ट आहे. ती आमच्या घरची असली तरी ज्यांच्या घरी एकाहून अधिक संगणक आहेत, त्या सगळ्यांच्याच कामाची आहे. म्हणून सांगतो.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापावा असे १९९७ मध्ये ठरले. कुलवृत्तांत म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मूळ पुरुष, गोत्र, शाखा, पिढ्या, कोण कुठे स्थायिक झाले आणि कोण दत्तक गेले, याची ती वही. आमच्याकडे जुनी वंशावळ होती, पण तीत सगळे पुरुष. बायका असल्याच तर सासरी ठेवलेल्या नावाने. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहणाऱ्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या काकूंनी हट्ट धरला, की घरात आलेल्या प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव, आडनाव आणि गाव यात आलेच पाहिजे. "लग्नात नाव बदललं म्हणून बाई बदलली का रे?" असे त्या मला विचारत. मला उत्तर देता येत नसे.

काम तीन ठिकाणी चाले. पुण्याला मी, ठाण्याला आमचे थोरले दादा आणि गावी काकू. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी काकू टंकलेखन शिकल्या, तेही मुलाने मुंबईहून धाडलेल्या जुन्या संगणकावर. या तीन संगणकांना जोडणारी तार नव्हती. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले होते खरे, पण गावचा दूरध्वनी मिरग लागला की मुका व्हायचा तो दसऱ्याला बोलायचा. आमची तार म्हणजे एस.टी.! ओळखीच्या माणसाच्या पिशवीतून फ्लॉपी जायची आणि यायची.

तिन्ही प्रतींचा मेळ घालायला भाच्याने एक छोटी आज्ञावली लिहून दिली. नियम साधा होता. फ्लॉपीवरची फाईल आणि संगणकावरची फाईल यांच्या तारखा पाहायच्या. जिची तारीख नवी ती ठेवायची, जुनीच्या जागी तिची नक्कल करायची. ऐकणाऱ्या प्रत्येकाला हा नियम पटला. तुम्हालाही पटला असेल.

१९९९ च्या उन्हाळ्यात काकू गावोगाव हिंडल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी ४३ सुनांची माहेरची नावे मिळवली आणि घरी येऊन टंकली. फ्लॉपी पुण्याला आली. मी ती घातली, कळ दाबली, पडद्यावर 'काम पूर्ण' उमटले. फ्लॉपी परत गावी गेली. तिथेही काकूंनी तेच केले. आषाढात त्यांचे पत्र आले. त्यात एकच वाक्य होते : "माझ्या बायका कुठे गेल्या?"

घड्याळाची साक्ष

उलगडा झाला तो दादांचा मुलगा गावी गेला तेव्हा. संगणकाच्या पोटात रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे, हे तिचे काम. ती काही वर्षांनी संपते. काकूंच्या संगणकाची संपली होती. वीज गेली की घड्याळ आपल्या आरंभाकडे परत जाई, आणि त्या काळच्या संगणकांचा आरंभ म्हणजे १ जानेवारी १९८०. डॉसच्या फायलींच्या तारखा तिथूनच मोजल्या जात. संगणक सुरू करताना रोज तक्रार करायचा. काकू म्हणाल्या, "एफ-वन दाबला की गप्प बसायचा, म्हणून मी दाबायचे."

म्हणजे काकूंनी वैशाखात केलेल्या कामावर शिक्का होता जानेवारी १९८० चा आणि माझ्या फाईलवर मार्च १९९९ चा. आज्ञावलीच्या हिशेबी काकूंचे काम एकोणीस वर्षे शिळे! तिने आधी फ्लॉपीवरचे पुसले आणि मग गावी जाऊन काकूंच्या संगणकावरचेही पुसले. तिने नियम तंतोतंत पाळला. काकूंच्या वहीतून आणि पुन्हा विचारून ३६ नावे परत मिळाली. उरलेली सात एकाच नव्वदीच्या आजींनी सांगितली होती आणि काकूंनी ती वहीत न उतरवता थेट टंकली होती. आजी त्याच श्रावणात गेल्या.

बॅटरी बदलली. पण मग लक्षात आले, की घड्याळ बरोबर असते तरी घात टळलाच असता असे नाही. समजा, मागच्या भेटीनंतर मी सोमवारी पुण्याची शाखा दुरुस्त केली आणि काकूंनी मंगळवारी गावची. आता 'नवी ठेवा' म्हटले की मंगळवार जिंकतो आणि माझा सोमवार वाया जातो. तारीख एवढेच सांगते, की शेवटी कोणी हात लावला. दुसऱ्याने काय केले हे त्याला ठाऊक होते की नाही, ते तारीख सांगत नाही. खरा प्रश्न तो आहे.

संगणकशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ मध्ये एका गाजलेल्या निबंधात दाखवले, की दूरदूरच्या यंत्रांत काय आधी आणि काय नंतर, हे ठरवायला भिंतीवरच्या घड्याळावर विसंबण्याची गरज नाही. कोणाचा निरोप कोणाला पोचला, यावरून क्रम लावता येतो. पुढे १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी प्रतींसाठी एक सोपी युक्ती मांडली. प्रत्येक प्रतीबरोबर एक चिठ्ठी ठेवायची आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळा बदल झाला, याचे आकडे तीवर लिहायचे. घड्याळ नकोच.

आमच्या घरचेच उदाहरण घ्या. काकूंच्या फ्लॉपीवर 'गाव ७, पुणे ४, ठाणे २' असे आहे आणि माझ्याकडे 'गाव ५, पुणे ४, ठाणे २'. काकू कुठेच मागे नाहीत आणि एका ठिकाणी पुढे आहेत. त्यांची प्रत निःशंकपणे घ्यावी. पण माझ्याकडे 'गाव ५, पुणे ६, ठाणे २' असेल तर? गावच्या आकड्यात काकू पुढे, पुण्याच्या आकड्यात मी पुढे. याचा अर्थ दोघांनी एकमेकांना न कळवता काम केले आहे. अशा वेळी कोणतीच प्रत पुसायची नाही. दोन्ही समोर ठेवून बसायचे. ही चिठ्ठी १९९९ मध्ये आमच्या फ्लॉपीवर असती तर ती सात नावे आज वृत्तांतात असती.

खोडलेला माणूस परत येतो

दुसरी फजिती ठाण्याची. आमच्या एका चुलत आजोबांची नोंद दोनदा झाली होती, एकदा घरच्या नावाने आणि एकदा शाळेतल्या नावाने. दादांनी एक नोंद खोडली. पुढची फ्लॉपी आली आणि आजोबा परत हजर. पुन्हा खोडले, पुन्हा आले. दादा वैतागून म्हणाले, "यांचं श्राद्ध तरी किती वेळा घालायचं?"

कारण विचार करण्यासारखे आहे. गावच्या प्रतीत एक नोंद आहे आणि ठाण्याच्या प्रतीत ती नाही. मग गावाने ती नव्याने घातली, की ठाण्याने खोडली? नुसत्या दोन प्रती शेजारी ठेवून हे कोणालाही सांगता येणार नाही, माणसाला नाही आणि यंत्रालाही नाही. त्यासाठी तिसरा कागद लागतो : मागच्या भेटीत आपले काय ठरले होते? तेव्हा नोंद होती आणि आता ठाण्यात नाही, म्हणजे ती खोडली आहे. तेव्हा नव्हती आणि आता गावात आहे, म्हणजे ती नवी आहे. प्रतींचा मेळ घालण्याच्या कामात नक्कल करणे सगळ्यात सोपे असते. अवघड असते ती मागच्या भेटीची आठवण जपणे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील बेंजामिन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला 'युनिसन' हा मोफत कार्यक्रम नेमके हेच करतो. शेवटच्या जुळवणीची नोंद तो स्वतःकडे जपून ठेवतो आणि दोन्ही बाजू तिच्याशी ताडून पाहतो. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या 'लोटस नोट्स'मध्ये दुसरी तऱ्हा होती. तिथे खोडलेल्या नोंदीच्या जागी एक लहानशी खूण मागे राही. तंत्रज्ञ अशा खुणेला 'टूमस्टोन', म्हणजे थडग्यावरचा दगड म्हणतात. दुसरा संगणक भेटला की ही खूण त्याला बजावते, 'हा गेला, याला पुन्हा उठवू नकोस.' मात्र हे दगड जन्मभर सांभाळणे परवडत नाही, म्हणून काही काळाने ते काढून टाकतात. त्यानंतर एखादा बरेच महिने न भेटलेला संगणक आला, की त्याच्या पोटातून गेलेला माणूस पुन्हा चालत येतो. चार-चार महिने न भेटणाऱ्या आमच्या गावच्या संगणकाला हे अगदी लागू होते.

नावांचीही एक गंमत सांगतो. आपल्या मराठीतला 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता असा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. काही संगणक फाईलचे नाव एका पद्धतीने साठवतात, काही दुसऱ्या. मग जुळवणी करणारा कार्यक्रम सावध नसेल तर 'वऱ्हाड शाखा' नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि आपण चष्मा पुसत बसतो.

दोन्ही खरे

इथपर्यंतच्या अडचणी यंत्राला शिकवता येतात. आता एक अशी सांगतो, की जिथे यंत्राने हात जोडून बाजूला व्हावे.

आमच्या एका चुलत्यांची जन्मतारीख दादांनी १ जून १९४० अशी घातली, शाळेच्या दाखल्यावरून. काकूंच्या प्रतीत होते, 'शके १८६२ ची नारळी पौर्णिमा', चुलत्यांच्या आईने सांगितलेले. दोघेही अडून बसले. शेवटी काकूच हसून म्हणाल्या, "अरे, मी स्वतः कितीतरी पोरांची तारीख एक जून लिहिली आहे. बाप म्हणायचा, पावसात झाला. जूनला शाळा सुरू. सहा पुरी हवीत ना? लिहिला एक जून!" महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीचे इतके लोक १ जूनला जन्मले, त्याचे कारण हे असे आहे. आता सांगा, यातली कोणती तारीख खोटी? त्या माणसाची नोकरी, निवृत्ती आणि पेन्शन १ जूनवर ठरली. त्यांच्या आईने त्यांना ओवाळले ते नारळी पौर्णिमेला.

अशा वेळी चांगला कार्यक्रम निवाडा करत नाही. तो थांबतो आणि विचारतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांच्या मार्गदर्शनाखाली १९८७ पासून 'कोडा' नावाची व्यवस्था उभी राहिली. मुख्य संगणकाशी संबंध तुटला तरी आपल्या संगणकावर काम करत राहावे आणि संबंध जुळला की बदल कळवावेत, ही तिची कल्पना. दोन बदल एकमेकांना छेद देऊ लागले आणि तिला स्वतःला उकल करता आली नाही, तर ती वाद वापरणाऱ्यापुढे ठेवी. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेला 'गिट' आज जगभरचे प्रोग्रामर वापरतात. त्यात प्रत्येक प्रतीबरोबर तिचा इतिहासही येतो आणि जाळे नसेल तर तो एका फाईलमध्ये बांधून पेनड्राइव्हवरून नेता येतो. तोही एकाच ओळीवर दोन वेगळे बदल दिसले, की दोन्ही दाखवून थांबतो.

आपल्याला हे नवे वाटायला नको. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पुढची सुमारे तीनशे वर्षे ती हाताने उतरवली गेली, एका गावाहून दुसऱ्या गावाला गेली आणि प्रत्येक प्रत आपापल्या वाटेने थोडी थोडी बदलली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते १९६६ मध्ये पुरे झाले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या हस्तलिखितांचा मेळ घालायला ४७ वर्षे लागली. त्या पंडितांनी एक पाठ वर छापला, पण बाकीचे फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत ठेवले, पुढच्या अभ्यासकाला तपासता यावेत म्हणून. दादा-काकूंचा तंटा आम्ही तसाच सोडवला. वर १ जून, खाली नारळी पौर्णिमा.

घरच्या घरी

आता कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. आज फाईल इंटरनेटवर ठेवली की सगळ्यांना दिसते. खरे आहे, ज्यांना जोडणी आहे त्यांची बरीचशी चिंता मिटली आहे. पण घाटात रेंज जाते, विमानात जाते, पावसात गावची केबल तुटते, आणि तेवढ्या वेळापुरता तुमचा फोनही काकूंच्या संगणकासारखा एकटा पडतो. काही ठिकाणी संगणक मुद्दाम एकटे ठेवतात. ज्या यंत्रांवर मोठी जोखीम असते त्यांना बाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवण्याची पद्धत आहे. तिथे फाईल जाते ती पेनड्राइव्हवरूनच, आणि तीही वाट निर्धोक नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' हा घातक प्रोग्राम पेनड्राइव्हवरूनही पसरत असे आणि इराणच्या नातान्झ येथील अणुकेंद्रातली यंत्रे हे त्याचे लक्ष्य होते. तेव्हा परका पेनड्राइव्ह आपल्या संगणकाला लावण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आमच्या घरी त्या आषाढानंतर जे नियम झाले, ते आजही बदललेले नाहीत.

पहिला, एक मोठी फाईल करू नये. प्रत्येक शाखेची वेगळी करावी आणि तिचा एकच मालक ठरवावा. दुसऱ्याच्या फाईलमध्ये चूक दिसली तर त्याला कळवावे, स्वतः हात लावू नये. निम्मे तंटे इथेच संपतात.

दुसरा, संगणकाच्या तारखेवर विसंबू नये. फाईलच्या नावातच ठिकाण आणि अनुक्रम घालावा : 'गाव-०७', 'पुणे-०४'. 'अंतिम', 'अंतिम-नवी', 'खरी अंतिम' अशी नावे ठेवू नयेत. अंतिम काही नसते. एक बारीक गोष्टही लक्षात ठेवावी. पेनड्राइव्हवर नेहमी आढळणाऱ्या 'फॅट' पद्धतीत वेळ स्थानिक घड्याळाची लिहिली जाते आणि तीही दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने. त्यामुळे परदेशातल्या लेकीकडे, जिथे घड्याळ ऋतूप्रमाणे तासभर पुढे-मागे करतात तिथे, न बदललेली फाईलही बदललेली वाटू शकते.

तिसरा, दोन फायली एकच आहेत की नाहीत याची शंका आली तर त्यांचा अंगठा घ्यावा. 'एसएचए-२५६' नावाची पद्धत कोणत्याही फाईलचा ६४ अक्षरांचा ठसा काढून देते. फाईलमधला एक काना बदलला तरी ठसा पार वेगळा येतो.

चौथा, काही खोडू नये. खोडायचे असेल तिथे 'रद्द' लिहावे, कोणी आणि का ते लिहावे. तेवढ्याने आमच्या चुलत आजोबांना शांती मिळाली.

आणि पाचवा, सगळ्यांत मोठा. नव्याने जुने झाकण्याआधी जुने दुसरीकडे ठेवावे, मग ते कितीही शिळे दिसो. जागा आता स्वस्त आहे. नव्वदीच्या आजी परत येत नाहीत.

कुलवृत्तांत २००३ मध्ये छापून झाला. त्यात सात सुनांच्या नावापुढे 'माहेरचे नाव' असे लिहून जागा कोरी सोडली आहे. काकूंनी मुद्दामच तसे छापायला लावले. "कोणाला तरी कधीतरी आठवेल. जागा असू दे," त्या म्हणाल्या. मला त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही. आता काकूही नाहीत.

नातीने कुठूनसे फ्लॉपी वाचायचे यंत्र मिळवले. 'वैशाख' लिहिलेली ती फ्लॉपी अजून उघडते. आत फाईलही आहे, तारीख मार्च १९९९. ती माझीच प्रत आहे, पुण्याहून गेलेली. काकूंचे त्या फ्लॉपीवर आता एवढेच उरले आहे, वरची कागदी चिठ्ठी आणि तिच्यावरची अक्षरे : 'हीच खरी.'